हाताला तेल, दुखणे डोक्यात!

दिवाळीचे दिवस. स्वयंपाकघरात अनारसे तळणे चाललेले. झारा खाली ठेवता ठेवता सौ.चे बोट कढईच्या काठाला लागले. हात झटक्यासरशी मागे आला आणि मग तोंडातून निघाले, "आई गं!"

वाचकहो, हा क्रम ध्यानात घ्या. हात आधी मागे येतो, कळ मागाहून समजते. कारण बोटातल्या ज्ञानतंतूने दिलेली वर्दी प्रथम मज्जारज्जूत पोचते. पाठीच्या मणक्यांच्या पोकळीत जपून ठेवलेली, करंगळीहून जाड नसलेली ही दोरी सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असते. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या अंगभर जातात. संकटाची वर्दी येताच 'हात मागे घे' हा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला खबर नंतर. गावात आग लागली तर पाटील काही कलेक्टरच्या पत्राची वाट पाहत बसत नाही!

परंतु हा कारभार तातडीपुरताच. लिहिणे, बोलणे, घास तोंडाशी नेणे यांचे हुकूम मेंदूतूनच सुटतात. त्याचे वजन जेमतेम १,३०० ते १,४०० ग्रॅम, पण पेशी सुमारे ८,६०० कोटी! शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा असलेला हा अवयव प्राणवायूचा मात्र पाचवा हिस्सा खातो. मोठा मेंदू विचार आणि हालचाली पाहतो, मागचा लहान मेंदू तोल सांभाळतो, खालची लंबमज्जा श्वास चालू ठेवते. आणि गंमत अशी, की हालचालीचे बहुतेक तंतू लंबमज्जेच्या तळाशी एकमेकांना ओलांडतात. म्हणून उजव्या हाताचा धनी डावा मेंदू! वाणीचे ठाणेही बहुतेकांचे डावीकडेच. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका या शल्यविशारदाने, 'तां' एवढेच उच्चारू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या पुढच्या भागात बिघाड आढळला.

हे सारे मला थोडे आधी ठाऊक असते तर!

२०१७ च्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी सात वाजता, आमच्या थोरल्या काकांच्या, नानांच्या, उजव्या हातातून चहाचा कप निसटला. ओठ एका बाजूला ओढला गेला. काही सांगू लागले, पण "ते... ते..." यापुढे शब्द येईना. काकू म्हणाल्या, "वायू झालाय, तेल चोळा." मी तिळाचे तेल कोमट केले आणि त्यांच्या हाताला चोळीत बसलो. मग जरा झोपू दिले. संध्याकाळी रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "सुरुवात किती वाजता झाली?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला. रक्ताच्या गुठळीने मेंदूची वाहिनी तुंबली असेल, तर ती विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेही रक्तस्राव नाही ना, हे तपासून. मोठी वाहिनी तुंबली की उपचारावाचून दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब आहे. आमचे अकरा तास गेले होते.

मी मराठीचा मास्तर. वर्गात व्युत्पत्ती सांगत फिरणारा. पण 'अर्धांगवायू' या शब्दाने मलाच फसविले. त्यात ना वायूचा दोष, ना अंगाचा. मी तेल चोळीत होतो उजव्या हाताला आणि दुखणे होते डोक्यात, डाव्या बाजूला!

नानांचा हात पुढे बराच सुधारला. शब्द मात्र परतले नाहीत. तहान लागली तर 'पाणी' म्हणता येत नसे. पण संध्याकाळी दिवा लागला, घरात रामरक्षा सुरू झाली, की नाना आमच्या सुरात सूर मिसळून अडखळल्याशिवाय म्हणत. तोंडपाठ झालेले शब्द वेगळ्या वाटेनेही बाहेर येऊ शकतात, असे तज्ज्ञ सांगतात. स्तोत्र संपले की नाना पुन्हा मुके.

म्हणून विनंती एवढीच. ओठ वाकडा झाला, हात उचलेना, बोलणे अडखळले, यांतले एकही अचानक दिसले, तर तेलाची वाटी खाली ठेवा. तोंडाने काही देऊ नका. घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवा आणि १०८ क्रमांक फिरवून मोठे रुग्णालय गाठा. सणाचा दिवस आहे, उद्या पाहू, असे म्हणू नका. आम्ही तसे म्हटले होते.