दोन शेवरा गाईंचे डाग जुळत का नाहीत?

माळेगावच्या यात्रेत देवणी जनावरं नीट बघितलीत का? एक गाय पांढरी, फक्त तोंडाच्या बाजू काळ्या: ती वानेरा. दुसरीच्या पोटाकडच्या भागावर काळे ठिपके: बालंक्या. तिसरीच्या अंगभर वेडेवाकडे डाग: शेवरा. तिन्ही देवणीच. आणि दोन शेवरा गाई शेजारी उभ्या केल्या तरी डाग जुळत नाहीत. असं का?

आपल्या ओळखीच्या काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईत याचं उत्तर सापडतं. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात. तिथून त्या वाढत-वाढत पोटाकडं, पायांकडं सरकतात. जिथं पोचत नाहीत, तिथं कातडी पांढरी राहते. साधारण किती पसरायचं हे जनुकं ठरवतात. पण नेमकी कुठली पेशी कुठं थांबेल, हा योगायोग. म्हणूनच एकाच एचएफ गाईपासून केलेल्या क्लोनचेही डाग वेगवेगळे निघतात!

झेब्र्याची गोष्ट जराशी वेगळी. त्याची कातडी पट्ट्यांखाली सगळीकडं काळीच असते, पांढऱ्या केसांत फक्त रंग उतरत नाही. पण तिथंही तेच: पट्टे असणार हे वंशातून येतं, नेमकी नक्षी मात्र प्रत्येकाची स्वतःची. अभ्यासक त्यावरूनच एकेक झेब्रा ओळखतात.

तेव्हा शेवरा गाईच्या वासराचे डाग आईच्या जागी नाहीत, एवढ्यावरून त्याला कमअस्सल ठरवून स्वस्तात विकू नका. डागांचा नकाशा आईबाप देत नाहीत. तो गर्भातच नव्यानं आखला जातो.