आज्ञासंचाची रचना आणि आज्ञावलीचा आकार : ‘परम’ महासंगणकांच्या संदर्भात

प्रस्तावना : एकच आज्ञावली दोन भिन्न प्रोसेसरांसाठी कंपायल केली असता तिने मेमरीत व्यापलेली जागा सारखी नसते. हा फरक मुख्यत्वे आज्ञासंचाच्या रचनेतून, म्हणजे प्रत्येक आज्ञा किती बिटांत व कशी लिहिली जाते यातून, उद्भवतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे दोन महासंगणक या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

विवेचन : १९९१ चा ‘परम ८०००’ इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर आधारलेला होता. ट्रान्सप्युटरची मूळ आज्ञा अवघ्या एका बाइटची असते. तिचे चार बिट कृती सांगतात, तर उरलेल्या चारांत ० ते १५ पैकी एक संख्या मावते. कृतींच्या सोळा जागांपैकी तेरा वारंवार लागणाऱ्या कृतींना दिल्या आहेत. दोन जागा मोठी संख्या तुकड्यातुकड्याने जुळविणाऱ्या पूर्वप्रत्ययांसाठी असून, शेवटच्या जागेतून इतर सर्व कृतींकडे जाता येते. गणन तीन रजिस्टरांच्या स्टॅकवर होत असल्याने बेरजेच्या आज्ञेत पदांचा पत्ता द्यावा लागत नाही. त्यामुळे जवळच्या स्थानांतील दोन चलांची बेरीज करून ती तिसऱ्यात ठेवणे चार बाइटांत साधते.

१९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सुपरस्पार्क प्रोसेसर आला. स्पार्कची प्रत्येक आज्ञा ३२ बिटांची असते. बेरजेच्या तीन रजिस्टरांचे निर्देशच १५ बिट घेतात. मेमरीतील चलांची वरील बेरीज येथे चार आज्ञा, म्हणजे १६ बाइट मागते. तथापि चल आधीच रजिस्टरांत असतील तर एकच आज्ञा पुरते आणि दोन्हीकडे चारच बाइट लागतात! केवळ आज्ञेच्या लांबीवरून आज्ञावलीचा आकार ठरविणे (वर्गात हे हमखास घडते) म्हणूनच फसवे आहे. पूर्ण ३२ बिटांची संख्या आणावयाची झाल्यास ट्रान्सप्युटरला सात पूर्वप्रत्यय व एक आज्ञा, तर स्पार्कला दोन आज्ञा लागतात. म्हणजे पुन्हा दोहोंकडे आठ बाइट. ट्रान्सप्युटरची बचत लहान संख्यांपुरतीच आहे. परंतु प्रत्यक्ष आज्ञावल्यांत लहान संख्याच अधिक येतात.

टी-८०० ट्रान्सप्युटरच्या चिपवर आज्ञा व विदा मिळून ४ किलोबाइट मेमरी होती, हे लक्षात घेता या काटकसरीचे मोल कळते. उलटपक्षी, समान लांबीमुळे पुढील आज्ञा कोठे सुरू होते हे आधीच ठाऊक असते. म्हणून सुपरस्पार्क एका आवर्तनात तीन आज्ञांपर्यंत कार्यवाही सुरू करू शकत असे. मेमरी स्वस्त होत असताना हा व्यवहार परवडणारा होता.

मुंबईच्या आयआयटीने २०१९ मध्ये पुढे आणलेला ‘अजित’ प्रोसेसरही स्पार्क आज्ञासंचच वापरतो. सी-डॅकच्या ‘वेगा’ मालिकेने मात्र रिस्क-फाइव्ह स्वीकारला. या आज्ञासंचात नेहमीच्या आज्ञांना १६ बिटांचे संक्षिप्त रूप देण्याची ऐच्छिक सोय आहे. तिने आकार २५ ते ३० टक्के घटतो, असे त्याचे विनिर्देशपत्र नमूद करते. मोबदल्यात अनेक संक्षिप्त आज्ञांत रजिस्टरासाठी तीनच बिट उरतात. बत्तीसपैकी आठच रजिस्टरे त्यांच्या आवाक्यात येतात, आणि वारंवार लागणारे चल त्या आठांत बसविण्याचे काम कंपायलरकडे जाते.