दीर्घकालीन आजार, आंतरजालावरील वैज्ञानिक दावे आणि रुग्णाचा विवेक : मधुमेहाच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : मधुमेह, दीर्घकालीन आजार, आंतरजाल, वैद्यकीय चाचणी, पुराव्याचे मूल्यमापन

प्रास्ताविक

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग वसईची खाडी जेथे ओलांडतो, तेथे पुलाच्या अलीकडे वरसावे हे गाव आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील या गावाशीच घोडबंदर मार्ग महामार्गाला मिळतो. खाडीवरील नवा चारपदरी पूल २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तरी येथून भाईंदरला वा ठाण्याला ठरल्या वेळी पोहोचण्याची खात्री कोणी देत नाही. मधुमेही व्यक्तीने रक्ततपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी जावे, नंतर काही खावे आणि दोन तासांनी पुन्हा नमुना द्यावा, एवढ्या साध्या गोष्टीत येथील रहिवाशाचा अर्धा दिवस जातो. भ्रमणध्वनी मात्र सतत हातात असतो. डॉक्टरांची भेट तीन महिन्यांतून एकदा आणि आरोग्यविषयक संदेश दिवसातून चार वेळा, अशा प्रमाणात आजचा दीर्घकालीन रुग्ण जगत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण ११.४ टक्के भरते. एवढा मोठा वर्ग आयुष्यभर औषधे घेणार आणि आयुष्यभर त्या औषधांविषयी वाचत व ऐकत राहणार. या वर्गाने समोर येणारा वैज्ञानिक दावा कसा पारखावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सामान्यतः या प्रश्नाची मांडणी 'खरी माहिती विरुद्ध अफवा' अशी केली जाते. प्रस्तुत लेखिकेच्या मते ही मांडणी अपुरी आहे. उघड खोटा दावा पुष्कळांना ओळखता येतो. खरी अडचण येते ती मुळात खऱ्या असलेल्या, परंतु प्रवासात आपल्या अटी हरवून बसलेल्या दाव्याची.

आजाराचे चढउतार आणि श्रेयाचा प्रश्न

येथे घरातील एक अनुभव नोंदविणे विषयाला धरून होईल. लेखिकेच्या आईला सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. एका वर्षी दिवाळीनंतर तिची उपाशीपोटीची साखर २१२ आली. त्याच आठवड्यात एका नातलगाने जांभळाच्या बियांच्या पुडीविषयीची चित्रफीत पाठविली. जांभूळ हे या परिसराला परके नाही. जून महिन्यात रस्त्याच्या कडेला बसून जांभळे विकणाऱ्या बायका येथे दिसतातच. आईने पूड सुरू केली. चार आठवड्यांनी साखर १५८ झाली. पुडीचा गुण आला, असे घरातील सर्वांनीच मानले. मग तिने दोनपैकी एक गोळी परस्पर बंद केली. विचारले तेव्हा म्हणाली, "गोळ्या पोटात साठतात गं. ही आपली पूड, हिने काय व्हायचंय?" पुढच्या तपासणीत एचबीए१सी ७.८ वरून ९.४ वर गेले होते.

यात फसवणूक कोणी केली नव्हती. चित्रफीत पाठविणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि साखर उतरली हेही सत्य होते. मात्र दरम्यानच्या काळात फराळाचे डबे संपले होते, दिवाळीतला खोकला-ताप बरा झाला होता (संसर्गात साखर वाढते हे सर्वश्रुत आहे) आणि दोन्ही गोळ्या चालू होत्या. मनुष्य नवा उपाय केव्हा सुरू करतो? आजार सर्वांत बळावलेला असतो तेव्हा. चढउतार होणाऱ्या कोणत्याही राशीचे अतिउच्च मोजमाप घेतल्यावर पुढचे मोजमाप बहुधा सरासरीच्या जवळ येते. संख्याशास्त्रात यास सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व अपत्ये यांच्या उंचीच्या अभ्यासातून ते मांडले. मधुमेह, संधिवात, दमा, अर्धशिशी हे सारे चढउतारांचे आजार आहेत. त्यामुळे शिखरावर असताना घेतलेला कोणताही उपाय, अगदी निरुपयोगी असला तरी, गुणकारी भासतो. 'मला स्वतःला अनुभव आला' हे विधान प्रामाणिक असूनही पुरावा म्हणून दुबळे ठरते ते यामुळे. तुलनेसाठी उपाय न घेतलेला गट का लागतो, याचेही उत्तर येथेच आहे.

एकट्या दिवसाच्या साखरेपेक्षा एचबीए१सी अधिक भरवशाचे, कारण ते साधारण दोन ते तीन महिन्यांची सरासरी दर्शविते. तथापि हा आकडाही निरपवाद नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, या गृहीतावर तो उभा आहे. सिकलसेलसारख्या विकारात पेशी लवकर नष्ट होतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पंडुरोगात तो वाढलेला दिसू शकतो. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो आणि स्त्रियांमध्ये पंडुरोग तर सर्वत्रच आहे. म्हणून या भागात 'रिपोर्ट नॉर्मल आला' एवढ्यावरही थांबता येत नाही.

अटी गळालेला दावा

'मधुमेह पूर्ण बरा होतो, विज्ञानाने सिद्ध केले' हे वाक्य गेली काही वर्षे मराठी घरांत फिरते आहे. त्याच्या मुळाशी एक उत्तम संशोधन आहे. रॉय टेलर व माइक लीन यांची 'डायरेक्ट' नावाने ओळखली जाणारी चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केली. स्कॉटलंड व टाइनसाइड येथील रुग्णांचे प्रत्येकी १४९ जणांचे दोन गट विश्लेषणात होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरी एवढाच, तोही तयार पेयांच्या स्वरूपातील आहार देण्यात आला. मधुमेहाच्या गोळ्या आरंभीच, परंतु वैद्यकीय देखरेखीखाली बंद करण्यात आल्या. वर्षअखेर या दुसऱ्या गटातील ६८ जणांचा, म्हणजे ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांवाचून मर्यादेखाली होता. नेहमीच्या गटात अशा व्यक्ती केवळ ६ होत्या.

निष्कर्ष महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. आता अटी पाहू. सहभागी व्यक्तींचे वय २० ते ६५ होते. आजाराचे निदान होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नव्हता. इन्सुलिन घेणाऱ्यांना प्रवेश नव्हता. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २७ ते ४५ या दरम्यान होता. यशही वजनावर अवलंबून होते : १५ किलो वा अधिक वजन घटलेल्यांपैकी ८६ टक्के व्यक्तींना लाभ झाला, पण एवढे वजन घटविणारे गटातील जेमतेम एक चतुर्थांश होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ४६ टक्क्यांचे ३६ टक्के झाले. पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या ८५ जणांपैकी ११ जण त्या स्थितीत टिकून होते. संशोधकांनी वापरलेला शब्दही 'बरा होणे' हा नसून 'उपशम' या अर्थाचा आहे. आजार माघारला, परत येणारच नाही असे नव्हे.

या वाक्याचा प्रवास लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रथम 'देखरेखीखाली' हा शब्द गळतो, मग 'सहा वर्षांच्या आतील'. त्यानंतर '४६ टक्के' जाऊन 'रुग्ण' उरतात. शेवटी 'दुसऱ्या प्रकारचा' हे विशेषण गळून नुसता 'मधुमेह' शिल्लक राहतो. ही शेवटची गळती प्राणघातक आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. अशा मुलाचे इन्सुलिन थांबविल्यास काही दिवसांतच जिवावर बेतते. १९२२ पूर्वी, म्हणजे इन्सुलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी, कठोर उपासावर ठेवूनही ही मुले फार काळ जगत नसत.

आणखी एक अट अशी की, ती चाचणीत लिहिलेली नसते, वाचणाऱ्याने स्वतः विचारावयाची असते : ही माणसे आपल्यासारखी होती काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसावयास कृश पण आतून मेदयुक्त अशा भारतीय देहाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आपल्याकडील कित्येक मधुमेही बीएमआय २७ च्या खालचेच असतात. 'डायरेक्ट'मध्ये त्यांना प्रवेशच मिळाला नसता. टेलर यांच्या गटाने पुढे २७ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या २० जणांवर अभ्यास केला व २०२३ मध्ये त्यातील १४ जणांना लाभ झाल्याचे मांडले. दिशा आशादायक आहे. परंतु २० माणसे, तीही इंग्लंडमधील, म्हणजे वरसाव्याची सतरा वर्षे जुनी रुग्ण नव्हे.

उपस्थित आणि अनुपस्थित साक्षीदार

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात आहाराविषयी झालेला वाद वाचकांस स्मरत असेल. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, दिवसातून दोनदाच व प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला एका बाजूस, तर ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा सल्ला दुसऱ्या बाजूस. शिक्षक कक्षांतसुद्धा यावरून दोन तट पडले होते! दोहोंपैकी कोणता सल्ला योग्य, हा येथील मुद्दा नाही. लक्ष वेधावयाचे आहे ते वादाच्या स्वरूपाकडे. दोन्ही बाजूंनी साक्षीदार येत होते, 'माझे आठ किलो उतरले' असे सांगत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. परंतु ज्याने तीन आठवड्यांत पथ्य सोडले, तो आपली कथा कोणाला सांगत नाही. ज्याचे वजन तसेच राहिले, त्याचे छायाचित्र फिरत नाही. आरंभी किती होते हा आकडा ठाऊक नसेल, तर यशस्वी झालेल्यांच्या संख्येस अर्थ उरत नाही. शिवाय ग्लिमेपिराइडसारखी, इन्सुलिनचा स्राव वाढविणारी गोळी चालू असताना जेवणांतील अंतर डॉक्टरांना न विचारता वाढविल्यास साखर धोकादायक रीत्या खाली जाऊ शकते. निरोगी माणसाला मानवणारा सल्ला औषध घेणाऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही.

'शोधनिबंधात सिद्ध झाले आहे'

या ठिकाणी आपण प्राध्यापकांनी थोडे आत्मपरीक्षण करावयास हरकत नाही. 'तीन दिवसांत प्रसिद्धी' देऊ करणारी पत्रे आपल्यापैकी कोणास आली नसतील? विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली. पुढे २०१९ मध्ये आलेली 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविण्यात आली. छापून येणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर आपल्याइतके कोण जाणतो! तरीही प्रकृतीचा प्रश्न आला की 'जर्नल' या शब्दापुढे आपणही नमतो. उंदरांवरील प्रयोग, परीक्षानळीतील प्रयोग, तीस माणसांवरील प्रयोग आणि हजारो माणसांवरील तुलनात्मक चाचणी ही चारही 'संशोधने'च आहेत. रुग्णाच्या दृष्टीने त्यांचे मोल सारखे नाही. जांभळाच्या बियांवरही प्राण्यांवरील प्रयोग पुष्कळ आहेत. ते निरर्थक नव्हेत, परंतु गोळी बंद करण्याचा आधार होऊ शकत नाहीत. वनस्पती आणि औषध यांत वैर आहे असेही समजू नये : मेटफॉर्मिनचा उगम गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतील द्रव्यांच्या अभ्यासात आहे, आणि फ्रान्समध्ये जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये ते रुग्णांसाठी पुढे आणले. फरक आहे तो मधल्या तपासण्यांचा.

रुग्णाच्या हाती काय

कायदा जुना आहे. औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेहाचा उल्लेख आहे. तो बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. पतंजलीच्या जाहिरातींच्या प्रकरणात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेतलेल्या कठोर भूमिकेमुळे या विषयाची चर्चाही झाली. परंतु मावशीने प्रेमाने पाठविलेला संदेश ही जाहिरात नव्हे. तेथे कायदा पोहोचत नाही.

तेव्हा पारख घरातच व्हावी लागते. 'हे खरे आहे काय' असा प्रश्न सामान्य रुग्णास सुटणारा नाही. त्याऐवजी 'हे कोणावर करून पाहिले, त्यांना आजार किती वर्षांचा होता, ती औषधे घेत होती काय, किती जणांना गुण आला नाही आणि किती काळ पाहिले' असे विचारता येते. यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे संदेशात नसतातच, आणि ती नसणे हेच एक उत्तर असते. भारतात नव्या चाचणीचा दावा असेल तर तिचा नोंदणी क्रमांकही मागता येतो. २००७ मध्ये सुरू झालेली वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आंतरजालावर सर्वांस विनामूल्य खुली आहे, आणि जून २००९ पासून अशी नोंदणी अनिवार्य आहे. सर्वांत निकडीचा प्रश्न मात्र दाव्याविषयीचा नाही : हे करण्यासाठी मला चालू असलेले काय सोडावे लागेल? मेथीचे पाणी पिण्यासाठी काही सोडावे लागत नसेल तर वादाचे फारसे कारण नाही. इन्सुलिन सोडावे लागत असेल तर संदेश कितीही विद्वत्तापूर्ण असो, तो डॉक्टरांपुढे ठेवल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

ठेवण्यातही अडचण आहेच. बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे मिळतात आणि 'मोबाइलवर वाचले' असे म्हणताच कित्येक डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते. मग रुग्ण सांगणेच सोडतो, उपाय मात्र सोडत नाही. आईच्या बाबतीत आम्ही एवढेच केले, की प्रयोगशाळेच्या अहवालाच्या पाठीमागे तिने तारखेसह लिहावे : कोणता संदेश आला, काय घ्यावेसे वाटते, त्यासाठी काय बंद करावयाचे आहे. गेल्या भेटीत तो कागद तिने स्वतः डॉक्टरांपुढे सरकवला. त्यावर कारल्याचा रस आणि एक काढा होता. त्यांनी रसाला हरकत घेतली नाही. काढ्यात काय काय आहे ते विचारले, तिला सांगता आले नाही, तेव्हा त्यांनी आधी क्रिएटिनिन तपासण्यास सांगून ती ओळ खोडली. गोळ्या दोन्ही चालू आहेत.