अश्वशक्तीचा हिशेब वऱ्हाडच्या उन्हात

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त हवा आणि तिच्या प्रमाणात जास्त पेट्रोल जाळायचे. पेट्रोल वाढवणे सोपे असते. मोठा पंप आणि मोठे इंजेक्टर बसवले की ते काम होते. खरी अडचण हवेची. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते तेव्हा मिनिटभरात जवळपास ६००० लिटर हवा ओढते, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो. या हवेचे वजन भरते सात किलोच्या आसपास. त्या सातचे आठ, नऊ किंवा दहा किलो कसे करायचे, हाच ट्यूनिंगचा गाभा.

हवा वाढवण्याचे मार्ग तीन. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, म्हणजे सिलिंडरच मोठा होतो. इंजिन जास्त फेऱ्यांपर्यंत नेता येईल असे कॅम आणि व्हॉल्व्ह बसवायचे. किंवा बाहेरची हवा टर्बोने दाबून आत भरायची. चौथा उपाय कॉम्प्रेशन वाढवण्याचा. त्यात हवा तेवढीच राहते, पण तिच्यातून जास्त काम निघते. हिशेब साधा आहे. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७०२४, की अश्वशक्ती हाती येते. टॉर्क वाढला किंवा तोच टॉर्क वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकला, तरच ताकद वाढते.

टर्बोवाचूनचा मार्ग जुन्या मेकॅनिकांच्या हातचा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ज्या घराण्याच्या गाड्या बाहेर पडल्या, त्या फियाट ११०० चे १०८९ सीसीचे इंजिन १९५३ मध्ये इटलीत ३६ अश्वशक्तीचे होते. त्याच इंजिनाला दोन नळ्यांचा वेबर कार्बोरेटर आणि थोडे जास्त कॉम्प्रेशन देऊन फियाटने टीव्ही नावाची वेगवान आवृत्ती काढली आणि आकडा पन्नाशीच्या घरात नेला. हेडला फेस मारणे, पोर्ट घासून गुळगुळीत करणे, एक्झॉस्ट मोकळा करणे ही सगळी याच जातीची कामे. त्यांत फायदा असतो, पण तो लवकर संपतो. बाहेरच्या हवेच्या दाबावरच सिलिंडर भरायचा असेल, तर कितीही कौशल्य लावले तरी एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही.

ती मर्यादा मोडण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट करून ठेवली होती. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने आत येणारी हवा दाबायची. आजचा टर्बो म्हणजे हीच रचना. महाराष्ट्रात घडलेल्या स्पोर्ट्स कारची गोष्टही याच चक्राभोवती फिरते.

एका इंजिनाची वंशावळ

दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवंती ही दोन आसनांची मोटार मांडली. पुढे ती पुण्याजवळ तळेगावला तयार होऊ लागली. विकायला आलेल्या अवंतीत आसनांच्या मागे रेनॉ कंपनीचे १९९८ सीसीचे टर्बो इंजिन होते; ताकद २५० अश्वशक्ती, टॉर्क ३४० न्यूटन-मीटर. २०१५ मध्ये ‘३१०’ नावाची मर्यादित आवृत्ती जाहीर झाली: गाड्या ३१, ताकद ३१० अश्वशक्ती. सीसी तेवढेच, ताकद २४ टक्क्यांनी जास्त. लिटरमागे १२५ अश्वशक्तीचे इंजिन एकदम १५५ वर गेले.

या उडीचा अर्थ लावायचा तर इंजिनाची वंशावळ पाहावी लागते. रेनॉच्या कारखान्यात या घराण्याचे नाव एफ४आर. लोखंडी ब्लॉक, सोळा व्हॉल्व्ह, ८२.७ मिलिमीटरचा बोअर आणि ९३ मिलिमीटरचा स्ट्रोक. टर्बोशिवाय ते क्लिओ या छोट्या गाडीत १७२ अश्वशक्ती देत होते. २००४ मध्ये १८२ आणि २००६ मध्ये १९७ झाली. एवढ्या वर्षांच्या मेहनतीची कमाई २५. टर्बोसह मेगान आरएस या गाडीत ते २००४ साली आले तेच २२५ घेऊन. पुढे २००६ मध्ये २३०, २००९ मध्ये २५०, २०११ मध्ये २६५ आणि २०१४ मध्ये २७५.

ज्या कंपनीने हे इंजिन घडवले, जिच्याकडे चाचणीची सगळी साधने होती, तिला विक्रीच्या गाडीत ५० अश्वशक्ती वाढवायला दहा वर्षे लागली. रिमॅप करून तोच आकडा एका दुपारीही गाठता येतो. ईसीयूतल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या, नकाशात टर्बोचा दाब वाढवायचा, पेट्रोल वाढवायचे, ठिणगीची वेळ बदलायची, की ताकद मोजणाऱ्या डायनोवर आकडा दिसतो. कंपनीचा वेळ जातो तो हाच आकडा हजारो किलोमीटर, उन्हात आणि चढावर, भरल्या गाडीनिशी टिकवण्यात.

या वंशावळीतली सर्वांत बोलकी नोंद अश्वशक्तीची नाहीच. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या सुमारे २०.६ किलोमीटरच्या फेरीत २००८ साली मेगानच्या आर२६.आर आवृत्तीने ८ मिनिटे १७ सेकंद ही वेळ दिली. तिचे इंजिन नेहमीच्या २३० अश्वशक्तीचेच होते. मागची आसने काढून, काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट लावून गाडीचे वजन शंभर किलोहून अधिक उतरवले होते. २०११ मध्ये रेनॉचा चाचणी चालक लोराँ ह्युर्गाँ याने २६५ अश्वशक्तीच्या गाडीत ही वेळ सुमारे ८ मिनिटे ८ सेकंदांवर आणली. २०१४ मध्ये तोच चालक ट्रॉफी-आर घेऊन उतरला. ताकद फक्त दहाने वाढली होती, पण वजन पुन्हा शंभरेक किलो घटले होते, टायर आणि शॉक अॅब्सॉर्बर नवे होते. वेळ आली ७ मिनिटे ५४.३६ सेकंद.

आधी ३५ अश्वशक्ती वाढूनही वेळ सुटली ती नऊ सेकंदच. नंतर अवघ्या दहाच्या सोबतीने साडेतेरा. त्यात वजन, टायर आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचा वाटा उघड दिसतो. ताकदीवर पैसा ओतणाऱ्या प्रत्येकाने फेरीच्या या तीन वेळा आधी समोर ठेवायला हव्यात.

टाटा मोटर्सची उदाहरणेही याच अंगाने पाहण्यासारखी आहेत. तीन सिलिंडरचे १.२ लिटरचे रेव्होट्रॉन इंजिन टियागोत टर्बोशिवाय ८५ अश्वशक्तीचे होते. कोइम्बतूरच्या जयम ऑटोमोटिव्ह्जबरोबर २०१८ मध्ये काढलेल्या टियागो जेटीपीत टर्बोसह ते ११४ वर गेले. सोबत रुंद टायर आले, गाडी चार मिलिमीटर खाली आली आणि बॉनेटला हवेची तोंडे पडली. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात मांडलेल्या रेसमो या स्पोर्ट्स कारसाठी त्याच १.२ लिटरमधून १९० अश्वशक्ती काढायचे ठरले होते, म्हणजे लिटरमागे १५८. रेसमो बाजारात आली नाही. जेटीपी मात्र रस्त्यावर धावली आणि ताकदीच्या जोडीने बाकीची गाडीही सुधारण्याची शिस्त तिने दाखवली.

नॉकिंग

टर्बोचा दाब वाढवत गेले की ताकद वाढते आणि एका क्षणी इंजिन खडखडू लागते. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि तापाने आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनचा माथा वितळणे, रिंगांच्या खाचा फुटणे, हेड गॅस्केट उडणे हे त्याचे शेवट.

हा प्रकार ठिणगीआधीच पेट घेण्याच्या दोषाहून वेगळा आहे, हे केंब्रिजचे प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी ओळखले. हॉपकिन्सन ऑगस्ट १९१८ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांचे विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनी काम पुढे नेले. कॉम्प्रेशन चालत्या इंजिनात बदलता येईल असे यंत्र त्यांनी बांधले, ई३५ नावाचे. एकेक इंधन घालायचे, कॉम्प्रेशन वाढवत न्यायचे आणि खडखड कुठे सुरू होते ते टिपायचे. इंजिनाची मर्यादा इंधन ठरवते, हे त्यातून सिद्ध झाले. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी ऑक्टेनची मोजपट्टी दिली. पंपावर ९१, ९५, १०० असे आकडे दिसतात ते त्याच मोजपट्टीचे.

मे महिन्यातले दर्यापूर

इंजिनाची जाहीर ताकद मोजतात २५ अंशांच्या हवेचा हिशेब धरून. वऱ्हाडातला दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आतबाहेर. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ वर जाणे इथे कुणाला नवे नाही. १५ अंशांच्या समुद्रकाठच्या हवेशी तुलना केली तर ४५ अंशांची दर्यापूरची हवा वजनाला सुमारे १२ टक्क्यांनी हलकी भरते. टर्बो नसलेले इंजिन इथे दुपारी त्या तुलनेत दहा टक्क्यांच्या आसपास ताकद गमावते. मोकळ्या एक्झॉस्टने आणि नव्या फिल्टरने मिळवलेले सगळे ऊन परत घेते.

टर्बोच्या इंजिनाला हवेची तूट भरून काढता येते, पण त्याची किंमत तापाने मोजावी लागते. १५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती सुमारे १०५ अंशांवर बाहेर पडते. ४५ अंशांची हवा त्याच टर्बोतून १४५ वर जाते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण बाहेरच्या हवेहून थंड कधीच करू शकत नाही. म्हणून युरोपात तयार झालेला रिमॅप वऱ्हाडात तसाच चढवणे हा नॉकिंगला दिलेला उघड परवाना आहे. इथला नकाशा इथल्या दुपारी, गरम इंजिनावर तपासलेला असला पाहिजे. इंजिन आसनांमागे असेल तर चिंता आणखी वाढते, कारण समोरची वाहती हवा तिथपर्यंत मुद्दाम आणून पोहोचवावी लागते.

रस्तेही आता परीक्षा घेण्याजोगे झाले आहेत. अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. समृद्धी महामार्गावर १२० चा वेग तासभर धरता येतो. शहरातल्या दहा सेकंदांच्या झेपेत न दिसणारा ताप अशा अखंड धावेत दिसतो.

खारपाणपट्ट्याचे पाणी हा इथला खास शत्रू. दर्यापुरातल्या बोअरवेलचे खारे पाणी रेडिएटरमध्ये गेले की नळ्यांत क्षार बसतात आणि अॅल्युमिनियमचे हेड गंजते. वाढीव ताकदीच्या इंजिनात डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेले कूलंट याला पर्याय नाही. काळ्या मातीची धूळही तितकीच वाईट. हवा जास्त मिळावी म्हणून जाळीचा मोकळा फिल्टर लावला तर तीच धूळ बोअर खरवडते. इथे कंपनीचा कागदी फिल्टर वेळेत बदलणे शहाणपणाचे.

पेट्रोल आणि बाकीची गाडी

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ट्यूनिंगच्या दृष्टीने दुहेरी आहे. त्याचा ऑक्टेन ९५ पर्यंत जातो आणि इथेनॉल वाफ होताना मिश्रणाला थंडावा देते. दोन्ही गोष्टी नॉकिंग लांबवतात. पण एक किलो इथेनॉलला जळायला नऊ किलोच हवा लागते, म्हणून तेवढ्याच हवेमागे जास्त इंधन सोडावे लागते. इंजेक्टर आणि पंप आधीच काठावर असतील तर मिश्रण पातळ पडते आणि पिस्टन तापतो. १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आणले. गाडी ज्या गावात राहते तिथे रोज मिळणाऱ्या पेट्रोलवरच नकाशा बसवावा.

फेरे ६००० वरून ७२०० वर नेले तर कनेक्टिंग रॉडवरचा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणून फोर्ज केलेले पिस्टन आणि रॉड आधी, फेरे नंतर. वाढलेला टॉर्क क्लचवर आणि गिअरवर येतो. वेग १०० वरून १४० वर गेला की ब्रेकला जवळपास दुप्पट ऊर्जा शोषावी लागते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कठोरपणे अधोरेखित केले. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावाही अडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मिळवलेली ताकद तर दुसऱ्यांच्या फुप्फुसांतून वसूल केलेली असते. तिचे समर्थन कुठल्याही आकड्याने होत नाही.

तेव्हा कामाचा क्रम असा ठरतो. आधी वजन, टायर आणि ब्रेक. मग कूलंट, इंटरकूलर आणि हवेचा मार्ग. त्यानंतर पंप, इंजेक्टर, पिस्टन, रॉड आणि क्लच. आणि सर्वांत शेवटी टर्बोचा दाब. नोंदणीच्या चौकटीबाहेर जाणारे सगळे फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी. ताकदीचा जो आकडा मे महिन्याच्या दुपारी अर्धा तास पूर्ण भार देऊनही खाली येत नाही, तोच त्या इंजिनाचा खरा आकडा मानावा.