पॉलिपची पारख

सांवेर हे इंदूर-उज्जैन रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तेथला एखादा शेतकरी शौचावाटे रक्त जाऊ लागले म्हणजे ते मूळव्याधीचेच समजून महिनोन् महिने स्वस्थ बसतो. अखेर इंदुरास येऊन तो मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करवून घेतो, तेव्हा आत एक लहानसा कोंब असल्याचे त्यास कळते. डॉक्टर त्यास पॉलिप म्हणतात. त्याची जात कोणती, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

हायपरप्लास्टिक जातीचे बारीक पॉलिप, विशेषतः गुदाशयातील, सहसा निरुपद्रवी असतात. ॲडिनोमा मात्र बहुधा दहा-एक वर्षांच्या अवधीत कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. सगळेच घेतात असे नव्हे. पण कोणता घेईल हे आधी कळत नाही, म्हणून तो काढून टाकणेच इष्ट. अडचण अशी की, साध्या पांढऱ्या उजेडात दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

जपानचे डॉ. शिन-एई कुडो यांनी आतड्यात इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारून पॉलिपच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खळग्यांची वर्गवारी केली. खळगे गोल वा ताऱ्यासारखे असल्यास पॉलिप बहुधा साधा. लांबट नळीसारखे असल्यास ॲडिनोमा. पुढे रंगाची ही खटपटही वाचली. दुर्बिणीवरील एक कळ दाबताच प्रकाशातील तांबडा भाग वगळला जातो आणि निळ्या व हिरव्या प्रकाशाचे दोन अरुंद पट्टे, सुमारे 415 व 540 नॅनोमीटरचे, तेवढे उरतात. रक्तातील हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषून घेते. त्यामुळे वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी जाळीसारख्या उठून दिसतात. पॉलिप भोवतालच्या त्वचेच्याच रंगाचा वा फिका असेल तर तो बहुधा हायपरप्लास्टिक. तपकिरी असून पांढुरक्या नळ्यांभोवती वाहिन्यांची जाळी दिसली तर ॲडिनोमा. वाहिन्या तुटक आणि पृष्ठभाग विस्कटलेला असेल, तर कर्करोग खोलवर उतरल्याचा संशय घ्यावा लागतो. तो पॉलिप तेथल्या तेथे ओढून काढण्याची घाई योग्य नव्हे.

मग प्रयोगशाळेची गरजच काय? अमेरिकेतील एंडोस्कोपी-तज्ज्ञांच्या संस्थेने 2011 साली याविषयी एक कसोटी घातली. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील, पाच मिलिमीटर वा त्याहून लहान पॉलिप निरुपद्रवी म्हणून आत ठेवायचा असेल, तर अशा शंभर निर्णयांपैकी निदान नव्वद बरोबर ठरले पाहिजेत. ही सवलत एवढ्याशा पॉलिपात कर्करोग क्वचितच आढळतो म्हणून. शिवाय एक फसवी जात आहेच: चपटा, करवतीसारख्या दातेरी ग्रंथींचा पॉलिप. तो दिसतो हायपरप्लास्टिकसारखा, पण कर्करोगाकडे वळू शकतो. म्हणून शंका असेल तेथे पॉलिप काढून प्रयोगशाळेकडेच जावा लागतो, मग अहवालासाठी सांवेरहून दुसरी खेप पडली तरी बेहत्तर.

आणखी एक गोष्ट रोग्याच्याच हाती आहे. आदल्या दिवशी दिलेले रेचक अर्धेच पिऊन तो आला, तर आतड्यात उरलेला पित्तमिश्रित मळ या प्रकाशात रक्तासारखा तांबडा दिसतो आणि त्याखालचा चपटा पॉलिप झाकलेलाच राहतो.