घरचा संगणक घेताना बिलावर काय लिहून घ्याल?

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी दुकानाचा हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र आणि मुलांचा अभ्यास अशी तिन्ही कामे बहुधा एकाच संगणकावर होतात. तो आणायला आपले व्यापारी आणि कारागीर बांधव जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात आणि "आय-फाइव्ह आहे, बिनघोर न्या" एवढ्या शब्दावर पैसे मोजून परततात. फसगत होते ती इथेच.

आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून बाजारात आहे. जुनाही आय-फाइव्ह, नवाही आय-फाइव्ह. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेले चौथ्या ते सातव्या पिढीचे संगणक पुसून-पासून स्वस्तात विकले जातात. ते चालतात, नाही असे नाही. पण विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार करायचा, त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नसेल तर वाचवलेले पाच-सात हजार कोणत्या कामाचे?

हिशेब, पत्रे आणि अभ्यास यांसाठी आय-थ्री किंवा रायझन थ्री पुरेसा आहे. फक्त पिढी अलीकडची हवी. आय-सेव्हनवर घालायचा पैसा एसएसडीवर घाला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे चांगले यंत्रही रखडते. एसएसडी निदान २५६ जीबीची असावी, जमल्यास ५१२. रॅम ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, आणि पुढे वाढवायला एक खाच रिकामी आहे ना, हे विचारावे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जोरात चढले, तेव्हा "सध्या चारच घ्या" असा सल्ला मिळाला तर नवल नाही. तो मानू नये. मराठी आणि उर्दू कळफलक विंडोजमध्येच असतात, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

पैसे देण्यापूर्वी यंत्र चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम आणि डिस्कचा प्रकार दिसतो. तेच बिलावर लिहून घ्यावे.

बिलाचे आणखी एक काम आहे. संगणकावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिलावर आपला क्रमांक घातला, तर धंद्याच्या वापरापुरती त्याची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतल्यांना मात्र नाही. "बिनव्याजी" हप्त्यातही बँक बहुधा व्याज लावते आणि तेवढी सूट दुकानदार देतो. व्याज टाळू पाहणाऱ्यांनी कागद वाचूनच सही करावी.

वीज जात-येत असेल तर डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस जोडावा. फाइल साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नये, तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो. वॉरंटीचा माणूस जाफराबादला येतो की यंत्र आपणच शहरात न्यायचे, हेही दुकानातच विचारून घ्यावे.