बांधकामातील लाकूड : साशंकता आणि शास्त्र

गोंदिया शहरालगतचे फुलचूर हे गाव साग व बांबूच्या वनांनी समृद्ध अशा जिल्ह्यात वसले आहे. तरीही अशा गावांतील शाळा वा पंचायतघराचा आराखडा करताना अभियंते लाकडाविषयी साशंक असतात. वाळवी, आग आणि वनांची हानी ही त्याची कारणे सांगितली जातात.

वनरक्षणासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यास बंदी केली होती. जुलै २०२० मध्ये ती उठविण्यात आली. नियम बदलला, तरी मनातील शंका पुरती गेलेली नाही.

ओले लाकूड बसविल्यास ते सुकताना आकसते व तडकते. हा दोष लाकडाचा नसून घाईचा होय. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही. इतर लाकडांस व बांबूस बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया देता येते. मात्र पावसापासून आडोसा हवा. जाड तुळई पेटली तरी वरचा कोळशाचा थर आतील भागाला काही काळ राखतो. लागवडीतील झाड तोडून त्या जागी नवे लावल्यास नैसर्गिक वनावरील भार हलका होतो.

म्हणून पंचायतींनी अंदाजपत्रकातच लाकडाची जात, सुकवण व प्रक्रिया नमूद करून घ्यावी आणि वाहतूक परवाना तपासावा. त्यायोगे गावच्या सुतारालाही काम मिळेल.